तालुक्याच्या वकिलाची वाट: लॉइड जॉर्ज यांच्या गावची एका दिवसाची सफर

मुलाकडे मँचेस्टरला महिनाभर राहायला गेलो असताना उत्तर वेल्समधली एक दिवसाची मार्गदर्शित सफर मी एकट्याने केली, तिचे हे परीक्षण आहे. सफर चालवणारी संस्था अगदी लहान आहे, आणि पुढे मला काही तक्रारीही करायच्या असल्यामुळे तिचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्या भागात अशा सफरी नेणारे बरेच लोक आहेत, त्यामुळे शोधणाऱ्याची अडचण होणार नाही. सफरीचा विषय एकच होता. मोच्याच्या घरात वाढलेला एक मुलगा खेडेगावात सॉलिसिटर होतो, सत्ताविसाव्या वर्षी संसदेत जातो आणि पहिले महायुद्ध ऐन भरात असताना ब्रिटनचा पंतप्रधान होतो. डेव्हिड लॉइड जॉर्ज यांची ही वाट जिथून सुरू झाली, तो पाचदहा मैलांचा टापू गाडीने आणि पायी दाखवणे, एवढेच या सफरीचे काम आहे.

मी स्वतः तालुक्याच्या कोर्टात पंचवीस वर्षे वकिली करतो, म्हणून गेलो, हे आधीच सांगितलेले बरे. पहिल्या महायुद्धाचा किंवा व्हर्सायच्या तहाचा इतिहास ज्यांना हवा आहे, त्यांना या दिवसाने फारसे काही मिळणार नाही. पक्षकार, तारखा, मुद्रांक आणि खरेदीखते यांत आयुष्य गेलेल्या माणसाला मात्र इथे आपल्याच बार रूममधली माणसे भेटल्यासारखे वाटते.

आपल्याकडे सॉलिसिटर म्हटले की मुंबई हायकोर्टाची मूळ शाखा आणि फोर्टातल्या जुन्या पेढ्या डोळ्यांपुढे येतात. इंग्लंड-वेल्समध्ये त्या काळी सॉलिसिटर म्हणजे अशिलाला प्रत्यक्ष भेटणारा, दस्त करणारा आणि दावा तयार करणारा वकील. वरच्या न्यायालयांत युक्तिवाद करण्याचा मान बॅरिस्टरचा होता. सॉलिसिटरला उभे राहता येई ते काउंटी न्यायालयात आणि दंडाधिकाऱ्यांपुढे. म्हणजे आपल्या भाषेत, तालुक्याचा वकील. आमच्या वाटाड्याने सकाळी पोर्थमाडॉगच्या स्टेशनाबाहेर पहिल्या पाच मिनिटांत हा फरक नीट समजावून दिला, तेव्हाच दिवस बरा जाणार हे कळले. हे गृहस्थ निवृत्त शिक्षक होते, मातृभाषा वेल्श, आणि इंग्रजी बोलताना प्रत्येक वाक्य जरा तोलून बोलण्याची त्यांची सवय होती. लॉइड जॉर्ज यांचीही मातृभाषा वेल्शच होती आणि इंग्रजी ही दुसरी भाषा असलेला ब्रिटनचा पंतप्रधान त्यांच्याखेरीज झालेला नाही, हे त्यांनी आवर्जून सांगितले. मराठी शाळेत शिकून पुढे इंग्रजीत कैफियती लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला ते वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

पोर्थमाडॉगला पाहण्यासारखे थोडे आणि ऐकण्यासारखे पुष्कळ आहे. पाटीच्या दगडाच्या निर्यातीवर वाढलेले हे बंदर. १८७८ साली पंधरा वर्षांचा डेव्हिड इथल्या एका सॉलिसिटर पेढीत उमेदवारीला लागला. वडील विल्यम जॉर्ज शिक्षक होते. १८६४ साली न्यूमोनियाने गेले तेव्हा डेव्हिड दीड वर्षाचाही नव्हता आणि धाकटा विल्यम अजून जन्मायचा होता. कुटुंब तेव्हा मँचेस्टर सोडून पेम्ब्रोकशायरला आले होते. तिथून आई मुलांना घेऊन भावाकडे, लानस्टमदुईला आली. मामा रिचर्ड लॉइड व्यवसायाने मोची आणि रविवारी आपल्या पंथाच्या चॅपेलमध्ये, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या लोकांच्या प्रार्थनागृहात, बिनपगारी धर्मोपदेशक. भाच्याच्या कायद्याच्या प्रवेशपरीक्षेला फ्रेंच लागत होते आणि गावात ते शिकवणारे कोणी नव्हते, म्हणून मामाने व्याकरणाचे पुस्तक आणून आधी स्वतः फ्रेंच शिकून घेतले आणि मग भाच्याला शिकवले. उमेदवारीची फी आणि मुद्रांकशुल्कही त्याच घराच्या शिलकीतून गेले. १८८४ साली डेव्हिड अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाला, तरी काउंटी न्यायालयात घालायच्या झग्यासाठी तीन गिनी जमवणे जड गेले असे सांगतात. पहिला काळा कोट ज्यांनी हप्त्याने शिवून घेतला, ते वकील इथे थोडा वेळ गप्प होतील.

१८८५ साली त्याने शेजारच्या क्रिकिएथला, जिथे मामाचे कुटुंब आता राहायला आले होते, घरातल्या मागच्या खोलीत स्वतःची वकिली सुरू केली. कुळे, खाणकामगार, चॅपेलची माणसे, हे त्याचे अशील. समोर जमीनदार, आणि दंडाधिकाऱ्यांच्या बाकावरही बहुधा जमीनदारच. नँटलच्या तळ्यात जाळे टाकून मासे धरल्याचा आरोप असलेल्या खाणकामगारांचा एक किस्सा वाटाड्याने फार रंगवून सांगितला. कायद्यात बंदी नदीची आहे आणि हे तर तळे आहे, असा या वकिलाचा मुद्दा. अध्यक्ष म्हणाले, याचा निर्णय वरच्या न्यायालयाने करायचा. त्यावर हा म्हणाला, होय साहेब, न्यायी आणि निःपक्षपाती न्यायालयात. न्यायपीठावरचे सभ्य गृहस्थ इतके संतापले की त्यातले काही उठून चालते झाले. आमच्याकडे असे बोलणाऱ्याची संध्याकाळी बार रूममध्ये पाठ थोपटली जाते आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या पक्षकाराला लांबच्या तारखा मिळू लागतात. या माणसाने ते बोलणेच आपले भांडवल केले.

सफरीचा सगळ्यात मोलाचा तास मात्र लानव्रोथनच्या जुन्या चर्चच्या आवारात गेला. पोर्थमाडॉगहून लहान व्हॅनने तिथे नेतात. पाटीच्या दगडाच्या काळसर कबरी, त्यांवर वेल्शमधली अक्षरे, आणि वाटाड्याच्या हातात खटल्याची टाचणे. हे प्रकरण मी जरा विस्ताराने लिहितो, कारण या एका दाव्यात पुढचा सगळा राजकारणी दडलेला आहे असे माझे मत झाले.

१८८० च्या दफन कायद्याने चर्च ऑफ इंग्लंडच्या बाहेरच्या पंथांना गावच्या चर्चच्या दफनभूमीत आपल्या विधीने दफन करण्याचा हक्क दिला होता. लानव्रोथनच्या दफनभूमीला १८६४ साली एका बाईंनी शेजारची थोडी जमीन दिली होती. तिच्याभोवती कुंपणाची भिंतही घातली गेली आणि तिथे माणसे पुरली जाऊ लागली. पण रीतसर दस्त झाला नव्हता. नवा कायदा येताच तिथल्या धर्मगुरूंनी १८८१ मध्ये त्या बाईंकडून दस्त करून घेतला आणि त्यात अट घातली की इथे फक्त चर्च ऑफ इंग्लंडच्या विधीनेच दफन होईल. १८८८ साली रॉबर्ट रॉबर्ट्स नावाचा वृद्ध खाणकामगार वारला. आपल्याला मुलीच्या शेजारी पुरावे, ही त्याची इच्छा. धर्मगुरूंनी नकार देऊन कोपऱ्यातली उजाड जागा दाखवली. घरचे लोक लॉइड जॉर्जकडे आले.

त्याने जुनी कागदपत्रे चाळली आणि जे काढले ते कोणताही दिवाणी वकील ओळखेल. जमीन दिली गेली १८६४ मध्ये, ताबा तेव्हापासून सार्वजनिक दफनभूमीचा, आणि बारा वर्षांची मुदत केव्हाच उलटून गेलेली. मग ज्या बाईंकडे देण्यासारखे काही उरलेच नव्हते, त्यांनी १८८१ मध्ये अटींसह दिले काय? बक्षीसपत्र आधीचे खरे की नंतरचे, ताबा कोणाचा आणि कधीपासून, बारा वर्षे झाली की नाही: आपल्या १९६३ च्या मुदतीच्या कायद्यातही स्थावराच्या ताब्याला हीच बारा वर्षे आहेत, आणि शेताच्या बांधावरून चाललेल्या किती दाव्यांत मी हेच प्रश्न विचारले असतील याची गणती नाही. फरक पुढे आहे. मी असतो तर मनाईहुकमाचा अर्ज केला असता. या पंचवीस वर्षांच्या वकिलाने सल्ला दिला की फाटक बंद असेल तर फोडा आणि पुरा. लोकांनी तसेच केले.

धर्मगुरूंनी दावा लावला. पोर्थमाडॉगच्या काउंटी न्यायालयात ज्युरीने कुटुंबाच्या बाजूने कौल दिला, पण न्यायाधीशाने तो चुकीचा नोंदवून निकाल धर्मगुरूंच्या पदरात टाकला. अपील लंडनला गेले आणि डिसेंबर १८८८ मध्ये लॉर्ड चीफ जस्टिस कोलरिज यांच्या न्यायालयात खालचा निकाल फिरला. वेल्समधल्या प्रत्येक चॅपेलमध्ये त्या वकिलाचे नाव पोचले. पुढच्याच वर्षी तो काउंटी कौन्सिलचा ऑल्डरमन, म्हणजे कौन्सिलनेच निवडलेला सदस्य, झाला आणि १० एप्रिल १८९० च्या कर्नारवन मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत १,९६३ विरुद्ध १,९४५, अशा १८ मतांनी निवडून आला. ती जागा त्याने सलग पंचावन्न वर्षे राखली.

हरलेला उमेदवार कोण, तर लानस्टमदुईचा जमीनदार एलिस-नॅनी. हे ऐकायचे ते त्या गावातच, आणि म्हणून संयोजकांनी हा किस्सा दुपारसाठी राखून ठेवला होता याची मी दाद देतो. क्रिकिएथहून दोन-अडीच किलोमीटर चालत लानस्टमदुईला जाताना (नावातला पहिला उच्चार म्हणजे जीभ टाळूला लावून दोन्ही बाजूंनी हवा सोडायची, मला दिवसभर जमले नाही) वाटाड्याने शाळेचे बंड सांगितले. गावची शाळा चर्चची, मुले बहुतेक चॅपेलची. तपासणीच्या दिवशी जमीनदार आणि पाहुण्यांसमोर मुलांनी चर्चची श्रद्धावचने म्हणायची होती. डेव्हिडने सगळ्यांना फितवले होते: कोणी तोंड उघडायचे नाही. शिक्षकांनी विचारले, वर्ग गप्प. शेवटी हेडमास्तरांची ती अवस्था न बघवून एक मुलगा बोलला, आणि मग सगळा वर्ग बोलू लागला. तो पहिला मुलगा म्हणजे धाकटा भाऊ विल्यम.

हा विल्यमच या सफरीतला सगळ्यात उपेक्षित माणूस आहे, आणि माझी मुख्य तक्रार त्यावरूनच आहे. १९११ पर्यंत ब्रिटनच्या खासदारांना पगार नव्हता. ४०० पौंडांचे वार्षिक वेतन सुरू झाले ते अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांच्याच काळात. १९०५ च्या अखेरीस मंत्री होऊन पगार मिळू लागेपर्यंतची पंधरा वर्षे लंडनची राहणी, निवडणुका आणि मुलाबाळांचे संसार कशावर चालले? बऱ्याच अंशी क्रिकिएथच्या त्या पेढीवर, आणि पेढी चालवली ती विल्यमने. थोरल्याने सभा गाजवायच्या आणि धाकट्याने कचेरी सांभाळून महिन्याला पैसे पाठवायचे, ही व्यवस्था आपल्याकडच्या कोणत्या तालुक्यात पाहिलेली नाही? विल्यम १०१ वर्षे जगला, १९६७ साली वारला, आणि अगदी उतारवयातही सॉलिसिटर म्हणून काम करत होता. वाटाड्याला हे सगळे ठाऊक होते. मी विचारल्यावर भरभरून बोलले. पण कार्यक्रमपत्रिकेत भावाच्या नावाने एक ओळ नव्हती.

लानस्टमदुईत मामाचे घर आणि मोचीकामाची खोली लॉइड जॉर्ज संग्रहालयाने जतन केली आहे. शहराशहरांनी दिलेल्या सन्मानांच्या मंजुषा एकीकडे मांडलेल्या आणि दुसरीकडे ही बुटक्या छताची, एका माणसाने हात पसरले की भरून जाईल अशी कामाची खोली. मामाचे गिऱ्हाईक बूट शिवून होईपर्यंत इथेच बसून धर्म आणि राजकारण यांवर वाद घालीत. मी सगळ्यात जास्त वेळ तिथेच उभा राहिलो. भाचा पंतप्रधान झालेला पाहून मामा तीनच महिन्यांत, फेब्रुवारी १९१७ मध्ये वारला.

इथवर सफरीला मी दहापैकी नऊ गुण देईन. जेवणानंतरचे मात्र चार. १८९० नंतरची पंचावन्न वर्षे आम्हाला एका चहाच्या दुकानात, एका छापील कागदावरून, चाळीस मिनिटांत सांगितली गेली. १९०७ चा टळलेला रेल्वे संप, १९०९ चे ‘जनतेचे अंदाजपत्रक’, सत्तर वर्षांवरील गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगांचे निवृत्तिवेतन, १९११ चा राष्ट्रीय विमा कायदा, दारूगोळा मंत्रालय, पंतप्रधानपद, आयर्लंडचा तह: नुसती यादी. वास्तविक सकाळचा वकील दुपारच्या मंत्र्यात दाखवून देणे अवघड नव्हते. विम्याचेच घ्या. कामगाराने चार पेन्स द्यायचे, मालकाने तीन, सरकारने दोन, आणि लोकांना सांगायचे की चार पेन्सांत नऊ मिळतात. अशिलाला हिशेब कसा समजावून सांगावा हे जाणणाऱ्या माणसाचेच हे काम आहे. डिसेंबर १९२१ मध्ये आयरिश प्रतिनिधींपुढे दोन पत्रे धरून, एक तहाचे आणि दुसरे तीन दिवसांत युद्धाचे, मध्यरात्रीनंतर सह्या घेणे हे तर कोर्टाच्या पायरीवर केलेल्या तडजोडीचे टोक झाले.

अवघड बाजूही तितक्याच घाईत आटोपल्या, आणि ते मला अधिक खटकले. १९१२ च्या मार्कोनी प्रकरणात, म्हणजे सरकारी कंत्राट मिळालेल्या बिनतारी संदेशाच्या कंपनीच्या भानगडीत, संसदेला सांगण्यात आले की लॉइड जॉर्ज आणि इतर मंत्र्यांनी त्या कंपनीचे शेअर घेतलेले नाहीत. ब्रिटिश कंपनीपुरते ते खरे होते. घेतले होते ते तिच्या अमेरिकन भावंडाचे. असे प्रतिज्ञापत्र मी तरुणपणी एका ज्येष्ठ वकिलाला लिहिताना पाहिले आहे: एक शब्द खोटा नाही आणि एक ओळ खरी नाही. त्या प्रकरणात सभागृहापुढे निवेदन करणारे रूफस आयझॅक्स पुढे लॉर्ड रीडिंग होऊन १९२१ साली हिंदुस्थानचे व्हाइसरॉय म्हणून आले, नेमणूक अर्थात लॉइड जॉर्ज सरकारची. किताब विकून पक्षनिधी उभारण्याचा बाजार इतका माजला की १९२५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. सचिव फ्रान्सेस स्टीव्हन्सन यांच्याशी असलेले अनेक वर्षांचे संबंध, आणि १९३६ साली हिटलरला भेटून आल्यावर त्यांनी केलेली त्याची वाखाणणी, यांवर वाटाडे एकेक वाक्य बोलून थांबले. घरच्या माणसाबद्दल बोलताना आपणही असेच थांबतो, हे मान्य. पण तिकीट काढून आलेल्याला पूर्ण फाइल दाखवावी.

हिंदुस्थानचा उल्लेख तर झालाच नाही. हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची २० ऑगस्ट १९१७ ची माँटेग्यू घोषणा त्यांच्याच मंत्रिमंडळाची. आणि २ ऑगस्ट १९२२ रोजी सनदी नोकरशाहीला हिंदुस्थानच्या कारभाराची ‘पोलादी चौकट’ म्हणणारेही तेच. कुळांसाठी फाटक फोडायला सांगणारा वकील आणि हे भाषण करणारा पंतप्रधान यांच्यामधले अंतर कसे मोजावे, हा प्रश्न मी चहाच्या टेबलावर काढला. चर्चा चांगली झाली, पण व्हॅनची वेळ झाली होती. जाता जाता एक खुलासा: पुण्याजवळच्या भाटघर धरणाला ज्या लॉइड यांचे नाव होते ते मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड, हे लॉइड जॉर्ज नव्हेत. निघण्यापूर्वी माझ्या मुलासकट तिघांनी मला ही चूक ऐकवली होती.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात. आम्ही नऊ जण होतो, त्यामुळे प्रत्येकाला प्रश्न विचारता आले. पावसाळी कोट आणि चिखलात चालतील असे बूट लागतात, हे आगाऊ पत्रात कळवले नव्हते. नदीकाठच्या वाटेवर माझे कोर्टाचे काळे बूट कामातून गेले. शाकाहारी जेवणाचे आधी सांगूनही फक्त सूप आणि पाव मिळाला. गुडघे दुखणाऱ्यांनी क्रिकिएथ ते लानस्टमदुई हा टप्पा व्हॅनने जाण्याची मुभा मागून घ्यावी, देतात.

शेवटचा थांबा दुइवोर नदीच्या काठी. २६ मार्च १९४५ रोजी लॉइड जॉर्ज याच गावी वारले; सरदारकी स्वीकारून तीन महिनेही झाले नव्हते, आणि तिच्या नावातही त्यांनी हीच नदी घातली होती. ज्या मोठ्या धोंड्यावर ते बसत असत, त्याखाली त्यांना पुरले आहे. भोवतीचे दगडी आवार क्लफ विल्यम्स-एलिस या वास्तुविशारदाने बांधले. पुतण्याने, म्हणजे त्याच विल्यमच्या मुलाने, रचलेल्या वेल्श ओळी तिथे कोरल्या आहेत. धोंड्यावर स्वतःवर काही लिहिलेले नाही. खाली पाणी दगडांवरून खळाळत असते. वाटाड्यांनी त्या ओळी वेल्शमध्ये वाचून दाखवल्या आणि अर्थ विचारल्यावर म्हणाले, आधी नाद ऐका.

परत मँचेस्टरला पोचलो तोवर संयोजकांचा अभिप्राय मागणारा ईमेल आला होता. गुण देण्याच्या चौकटी भरून झाल्यावर सूचनेच्या जागी मी एवढेच लिहिले की क्रिकिएथला विल्यम जॉर्ज यांच्या कचेरीसाठी पंधरा मिनिटांचा एक थांबा वाढवावा, आणि त्यासाठी चहाच्या दुकानातला वेळ कापला तरी चालेल. दुसऱ्या दिवशी वाटाड्यांचे उत्तर आले: पुढच्या मोसमापासून करतो, पण चहा कापता येणार नाही.